गोड राहिलेलं श्रीखंड

१

अहिल्याबाई सबनीसांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

आता ठेचा खाण्यात कसली आलीय भानगड, असं कुणीही म्हणेल. पण दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीतल्या मराठी बायकांना विचारा. दिवाळीत याच अहिल्याबाई फराळाच्या ताटाकडे नुसत्या बघत बसल्या होत्या आणि कोमट दूधभात डोळ्यांतून पाणी काढत गिळत होत्या. गालाच्या आतून पांढरे जाळीदार चट्टे, मधे लालभडक चरचरणारी कातडी. लायकेन प्लॅनस असं या दुखण्याचं भारदस्त नाव. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, दाह करतं, जरा निवतं आणि पुन्हा उलटतं. कायमचं काही जात नाही. आणि तीच बाई आता भाकरीवर ठेचा मागून घेत होती.

साहजिकच बायकांनी तिला घेरलं. अहिल्याबाईंनी ऐटीत पर्समधून चिमुकली बरणी काढली. ‘सौम्या’. अननसातल्या एन्झाइमचं जेल, गाझियाबादला स्वरूपा मेश्राम म्हणून एक मुलगी बनवते. एकदम नैसर्गिक, स्टेरॉईडचा लवलेश नाही, असं त्यांनी वर ठासून सांगितलं. त्या संध्याकाळी वाण लुटण्यापेक्षा जेलच्या ऑर्डरी लिहून घेण्याचीच गडबड जास्त झाली.

पुढच्याच आठवड्यात अहिल्याबाईंच्या जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर आला. जेलनं तो काही जाईना, तेव्हा त्या मान खाली घालून आपल्या जुन्या डॉक्टरकडे, रेवती मॅडमकडे गेल्या. रेवतीनं तोंड तपासलं, बरणी ठेवून घेतली आणि त्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं ते असं: जेलमध्ये स्टेरॉईड आहे, आणि चांगलं भरपूर आहे.

त्याच दुपारी कुमुदिनी चांदेकरांच्या दाराची बेल वाजली. दारात स्वरूपा उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

“काकू, मी नाही घातलं,” ती म्हणाली. “तुम्ही तरी विश्वास ठेवाल ना?”

कुमुदिनीची सगळी नोकरी सरकारी औषध प्रयोगशाळेत गेली होती. लोकांच्या औषधांत काय आहे आणि काय नाही हे शोधण्यात जन्म घालवलेली बाई. निवृत्तीनंतर तिला दुसऱ्यांच्या डब्यात डोकावायची खोड राहिली होती ती राहिलीच. शिवाय स्वरूपाशी अहिल्याबाईंची गाठ तिनंच घालून दिली होती, तेव्हा अंगाला थोडं लागणारच होतं. तिनं रेवतीला फोन लावला. रेवती नियमाला पक्की. सोमवारी सकाळी औषध विभागाकडे तक्रार करणार, म्हणाली. त्यात कसूर नाही. तोवर तुम्हाला काय शोधायचं ते शोधा. तक्रार गेली की स्वरूपाचा परवाना जाणार, आणि भेसळवाली म्हणून नाव एकदा पडलं की पुन्हा तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेणार नव्हतं.

शुक्रवार होता.

२

रेवतीच्या क्लिनिकमध्ये कुमुदिनीनं आधी तो थर समजून घेतला. तोंडात बुरशी असतेच, पण ती दबून असते. स्टेरॉईड दाह शमवतं, त्याबरोबर शरीराचा पहाराही ढिला करतं, मग बुरशी फोफावते. म्हणूनच रेवती स्टेरॉईड देते तेव्हा पेशंटला वरचेवर बोलावते आणि मात्रा कमी करत नेते. अननसानं असा थर यायचं काही कारण नाही. थर बघताक्षणीच तिला संशय आला होता.

“म्हणजे स्टेरॉईड बरेच दिवस जात होतं?” कुमुदिनीनं विचारलं.

“आठवडेच्या आठवडे. एका बरणीनं असं होत नाही. तोंड बरं होत आलं तेही त्यामुळेच असणार.”

कुमुदिनीनं रिकामी होत आलेली बरणी उजेडात धरली. खालच्या अर्ध्या भागात कागदी लेबल सुरकुतलेलं, शाई जराशी पसरलेली. वरचा अर्धा भाग कोरा करकरीत. फ्रिजमधला ओलावा असेल, असं म्हणून तिनं ती खाली ठेवली. पण फ्रिजमधला ओलावा असा निम्म्यावर थांबतो होय, हा किडा डोक्यात वळवळायला लागला तो लागलाच.

रेवती तिच्याकडे रोखून बघत होती. मग तिनं आपणहून जे सांगितलं ते ऐकून कुमुदिनी खुर्चीत सरळ बसली. प्रयोगशाळेला जे स्टेरॉईड सापडलं, तेच रेवतीनं अहिल्याबाईंना दिवाळीच्या आधी लिहून दिलं होतं. तोंडात लावायचं चिकट मलम. अहिल्याबाईंनी ती ट्यूब तिच्याच टेबलावर परत टाकायची तेवढी बाकी ठेवली होती. हे विष मी लावणार नाही म्हणाल्या, आणि पुन्हा इकडे फिरकल्या नाहीत.

“तुम्ही मला विचारणारच होतात, म्हणून आधीच सांगितलं,” रेवती म्हणाली. “नमुना जाण्याआधी बरणी माझ्या ताब्यात एक रात्र होती. मला राग होता त्यांचा, तोही खरा आहे.”

३

शनिवारी मेट्रोचे दोन मार्ग बदलून कुमुदिनी गाझियाबादला पोचली. स्वरूपाचं युनिट म्हणजे दोन खोल्या, पण आरशासारख्या लख्ख. तिचे वडील नागपूरहून केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे आले, त्यांच्या फंडातून हे उभं राहिलेलं. सगळं काम थंडगार खोलीत. जेल भरतानासुद्धा खाली बर्फ ठेवलेला.

“इतकं थंड कशाला गं?” कुमुदिनीला उत्तर ठाऊक होतं, पण तिला पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं.

स्वरूपाचा चेहरा कालपासून पहिल्यांदा जरा खुलला. एन्झाइम म्हणजे प्रथिन, ती सांगू लागली. गरम केलं की संपलं. लहानपणी तिच्या आईनं पाडव्याला ताजा अननस चिरून श्रीखंडात घातला होता. पाहुणे येईपर्यंत अख्खं पातेलं कडूजहर झालं. आईला वाटलं दही खराब निघालं. स्वरूपानं मात्र का, का म्हणून शिक्षकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कळलं की कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कडवट होतं. अननस आधी शिजवून घेतला की श्रीखंड गोडच राहतं, कारण एन्झाइम मेलेलं असतं. “त्या पातेल्यातूनच माझं सगळं निघालं, काकू.”

तिचा भागीदार प्रतीक गुरुग्रामचा. जन्मच इकडचा, मराठी बोलताना शब्दाशब्दाला अडखळणारा. विक्री तो बघतो, डिलिव्हरीसुद्धा बर्फाच्या पिशव्या लावून जातीनं करतो. कुमुदिनीनं त्याला बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं आणि सरळ विचारलं, बरी झाले म्हणून सांगणारा अहिल्याबाईंचा जो व्हिडिओ तू टाकलास, त्यामुळे किती ऑर्डरी आल्या? त्यानं मान खाली घातली. सगळ्यात जास्त त्यामुळेच.

“आंटी, एक बात सांगतो, स्वरूपाला नका सांगू. सुरुवातीला असर स्लो होता ना, तेव्हा मी बोललो होतो, थोडं काही मिक्स करू, सगळे करतात.”

“मग?”

“तिने मला तीन दिवस ऑफिसात घुसू दिलं नाही. तिला तर माहीतच आहे, मी पण काय बोलतो, नका सांगू म्हणून.” तो कसनुसा हसला, आणि मग त्याचं हसू गेलं. “पण सबनीस आंटींच्या बरण्या मीच पोचवत होतो. हे पण लोक बोलणारच ना?”

बोलणार होते. कुमुदिनीच्या मनात तर ते आधीच बोलून झालं होतं.

४

त्याच दुपारी ती सबनीसांकडे जेवायला गेली. म्हणजे जेवायला असं काही ठरलं नव्हतं, पण अहिल्याबाईंच्या यजमानांनी, शशिकांतरावांनी, आलेल्या माणसाला उपाशी कधी जाऊ दिलं आहे? दिल्लीतल्याच एका मंत्रालयातून निवृत्त झालेला सालस माणूस. संसारात बायकोला भाजी निवडण्यापासून औषध काढून देण्यापर्यंत सगळ्यात हातभार लावणारा. सोसायटीतले इतर नवरे त्यांच्यावर खार खाऊन असायचे, कारण घरोघरी त्यांचा दाखला दिला जायचा.

जानेवारीतलं दिल्लीचं ऊन खिडकीत आलं होतं, पण घरात हुडहुडी. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी. वरणभातावर घ्यायचं तूप दगडासारखं. शशिकांतरावांनी वाडग्यात कढत पाणी ओतलं, तुपाची बरणी त्यात उभी केली आणि गप्पा मारता मारता ती हळूहळू फिरवत राहिले.

अहिल्याबाई मात्र रागानं धुमसत होत्या. त्यांना स्वरूपाचा राग होता, आणि त्या रागाला जुनं कारण होतं. त्यांची धाकटी बहीण अलका. गुडघे दुखायचे म्हणून एका भोंदू वैद्याकडून पुड्या घ्यायची. जडीबुटी आहे म्हणून सांगायचा. वर्षानुवर्षं. तोंड सुजून चंद्रासारखं झालं, हाडं ठिसूळ झाली, आणि एक दिवस बाथरूममध्ये पडली ती पुन्हा उठली नाही. नंतर तपासलं तेव्हा कळलं की पुडीत स्टेरॉईड होतं.

“तिनं विश्वासानं घेतलं होतं हो, कुमुदताई,” अहिल्याबाई म्हणाल्या. “आणि ही कालची पोर माझ्याशी तेच करते? सोमवारी तक्रार जाऊ दे. मी सही करणार आहे.”

शशिकांतराव उठून स्वयंपाकघरात गेले. तूप वितळलेलं होतं, तरी आणखी गरम पाणी आणायला गेले.

कुमुदिनीनं भातावर तूप वाढून घेतलं आणि तिचा हात तसाच राहिला. तुपाच्या बरणीला सुनेनं हौसेनं चिठ्ठी चिकटवलेली होती. ती खालच्या अर्ध्या भागात सुरकुतली होती, वर कोरी करकरीत. तिनं भात खाल्ला, पण चव काय होती ते तिला नंतर सांगता आलं नसतं. निघताना तिनं फ्रिजमधली सीलबंद, न उघडलेली जेलची बरणी मागून घेतली. वाटेत दुधाच्या बूथवरून भरपूर दही घेतलं आणि घरी येऊन फडक्यात बांधून टांगलं.

५

रविवारी दुपारी सबनीसांच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळी जमली. अहिल्याबाई, शशिकांतराव, स्वरूपा, प्रतीक आणि रेवती. अहिल्याबाई स्वरूपाकडे बघत नव्हत्या. टेबलावर कुमुदिनीनं श्रीखंडाच्या तीन वाट्या मांडल्या. श्रीखंड तिन्हींत एकच, साखर एकच. पहिलीत सकाळी गाझियाबादहून आलेलं ताजं जेल कालवलं होतं, दुसरीत या घरातल्या सीलबंद बरणीतलं. तिसरीत रेवतीकडून सकाळीच मागवलेलं उरलंसुरलं, म्हणजे अहिल्याबाई वापरत होत्या त्यातलं. तिन्ही वाट्या सकाळपासून उबेला ठेवल्या होत्या.

“जिभेच्या टोकावर लावा आणि चूळ भरा,” तिनं बजावलं. “गिळायचं नाही.”

पहिल्या वाटीला प्रतीकनं तोंड वेडंवाकडं केलं. दुसरीलाही. “हे तर बिल्कुल कडवं झालंय, आंटी.” तिसरी वाटी त्यानं भीत भीत चाखली आणि गोंधळून वर बघितलं. गोड होती. स्वच्छ गोड.

स्वरूपानं वाटी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली. तिनं चाखलं, आणि तिचा रंग उतरला.

“हे मेलेलं आहे,” ती म्हणाली. “याच्यात एन्झाइम उरलेलंच नाही. कुणीतरी हे तापवलंय.”

कुमुदिनीनं मग शांतपणे उलगडा केला. एकाच वेळी भरलेल्या बरण्या. या घरात आलेली सीलबंद बरणी जिवंत आहे, म्हणजे गाझियाबादेतून आणि प्रतीकच्या हातून औषध धड निघालं. शिवाय स्वरूपा काय आणि प्रतीक काय, बर्फ लावल्याशिवाय बरणीला हात न लावणारी माणसं. त्यांना भेसळ करायचीच असती तरी त्यांनी ती तापवली नसती. रेवतीच्या हातात बरणी आली एका रात्रीपुरती, आणि तोंडात बुरशी तर त्याआधी कित्येक आठवडे वाढत होती. तेव्हा जे घडलं ते सील फोडल्यानंतर, या घरात, आणि प्रत्येक बरणीबाबत घडलं. ज्यानं केलं त्याच्याकडे रेवतीनं लिहून दिलेलं मलम होतं. ते मलम चिकट, थंड जेलमध्ये काही केल्या मिसळत नाही. तेव्हा त्या माणसानं थंडीच्या दिवसांत आपल्या घरात थिजलेल्या वस्तूचं जे करतात, तेच केलं. बरणी कढत पाण्यात उभी केली. ऊब लागली की एन्झाइम मरतं हे त्याच्या गावीही नव्हतं. लेबल मात्र पाण्याची रेघ सांगत राहिलं.

टेबलाच्या मधोमध तुपाची बरणी होती, खाली वाडगा. सगळ्यांची नजर तिथून हळूहळू शशिकांतरावांवर गेली. त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

“ती जेवत नव्हती हो,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अहिल्यानं ट्यूब कचऱ्यात टाकली ती त्यांनी उचलून ठेवली होती. रोज ताटावर बसून ती रडायची आणि ते ताट उचलून न्यायचे. अननसानं बरं वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण ती सुकतच चालली. तेव्हा त्यांनी बरणीत मलम मिसळलं, थोडंच, थोड्याच दिवसांपुरतं. तिला भूक लागली. ती हसायला लागली, सगळ्यांना बरणी दाखवत फिरायला लागली, आणि मग सांगायचं कसं? ट्यूब संपली की ते रेवतीच्या जुन्या चिठ्ठीवर नवी आणत राहिले. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत राहिले.

“आणि ही पोर?” कुमुदिनीनं स्वरूपाकडे बोट केलं. “उद्या हिचा परवाना गेला असता. उद्या तरी बोलला असता का?”

शशिकांतरावांनाच ते माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि कुमुदिनीला त्यांचा राग आला तितकीच कीवही आली.

स्वरूपा सुटली होती. तिनं आनंदानं रडायला हवं होतं. पण ती गोड वाटी समोर घेऊन तशीच बसून होती. कुमुदिनीला कळलं ती काय बघतेय ते.

“म्हणजे अहिल्याकाकू माझ्या जेलनं बऱ्या झाल्याच नाहीत,” ती म्हणाली. “माझी सगळ्यात चांगली केस. तिच्यावर मी एवढं सगळं उभं केलं.”

“तुझं जेल त्यात होतंच कुठे? मेलेलं होतं,” कुमुदिनी म्हणाली. “काम करतं की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तुलाही नाही. ते शोध.”

स्वरूपानं डोळे पुसले आणि प्रतीकला तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढायला सांगितलं. त्यानं एकदा तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं फोन काढला. रेवती एवढंच म्हणाली की बाकीच्या पेशंटची तोंडं महिन्याच्या महिन्याला तपासायची असतील तर ती तपासून देईल, फुकट, आणि जे दिसेल ते सांगेल, आवडो न आवडो. सोमवारच्या तक्रारीचं कारण आता उरलं नाही, असंही ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं अहिल्याबाई आता ओरडतील. पण त्या नवऱ्याकडे बघून अगदी हळू बोलल्या.

“अलकाच्या पुडीत काय होतं ते अलकाला माहीत नव्हतं. माझ्या बरणीत काय होतं ते मला माहीत नव्हतं. त्या वैद्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला, सांगा.”

शशिकांतराव ढसाढसा रडायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात कुणी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. अहिल्याबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्यांचा फोन त्यांच्यासमोर सरकवला.

“सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहा. तुमच्या नावानं. स्वरूपानं काही केलं नाही, मी केलं, असं. आणि मी सगळ्यांना बरणी दाखवत फिरले ते चूक होतं, हेही माझ्या नावानं लिहा.”

त्यांनी लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. पाठवल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला. अहिल्याबाई उठून स्वरूपाजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चुकले गं बाई, म्हणाल्या. मग रेवतीकडे वळल्या. बुरशीचं काय करायचं, मलमाचं काय करायचं, किती दिवस, कमी कधी करायचं, पुढं काय होऊ शकतं. जे कधी विचारलं नव्हतं ते सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. रेवतीनं समजावलं. आधी बुरशीवरचे थेंब, आणि मलम एकदम तोडायचं नाही, रोज एकदाच, वाटाण्याएवढं, तिच्या नजरेखाली.

“ट्यूब कुठे आहे?” अहिल्याबाईंनी नवऱ्याला विचारलं.

ते देवघराच्या खणातून ती घेऊन आले. अहिल्याबाईंनी ती हातात घेतली, नाव वाचलं, उलटून मागचंही सगळं वाचलं. चष्म्याशिवाय दिसेना तेव्हा नवऱ्याचाच चष्मा लावून वाचलं. मग ट्यूब त्यांच्या हातात परत दिली, उजेडाच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या आणि आरसा समोर धरला.

“लावा,” त्या म्हणाल्या. “पण यापुढे माझ्या डोळ्यांदेखत.” आणि त्यांनी तोंड उघडलं.